नानासाहेबांनी दिलेली ओळख

समई उजळून झाली होती. ताम्हन, पळी, पंचपात्र ओट्यावर निथळत होतं. निरांजन आणि घंटा मात्र अजून चिंचेच्या कोळात काळीच पडलेली. बुधवारी देवाची भांडी घासली म्हणजे गुरुवारी दत्तापुढं लख्ख दिसतात, हा आशाबाईंचा लग्नापासूनचा नेम. भांडी पालथी घालायला जुना पेपर हवा म्हणून त्या ओल्या हातानंच नानासाहेबांच्या खोलीत गेल्या. रद्दीचा गठ्ठा पलंगाखाली होता. वरचे दोन पेपर ओढले तशी मधून एक हिरवी फाईल घसरून फरशीवर पडली.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात फायलींना काय तोटा. विजेच्या बिलांची वेगळी, घरपट्टीची वेगळी, आशाबाईंच्या चष्म्याच्या नंबराचीसुद्धा वेगळी, आणि सगळ्या कपाटात, पाठीवर नाव लिहून उभ्या. ही रद्दीत होती आणि पाठ कोरी होती. आशाबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. दुसऱ्याचा कागद वाचू नये हे त्यांना कळत होतं. पण चाळीस वर्षांत या माणसानं कुठली फाईल रद्दीत ठेवलेली त्यांनी पाहिली नव्हती.

आत शहरातल्या एका कायद्याच्या कॉलेजला द्यायच्या देणगीचा कागद होता. वकिली व्यवसायातल्या नीतीचं शिक्षण मुलांना मिळावं म्हणून कायमचा निधी. त्यातून दर वर्षी एक व्याख्यानमाला आणि मुलांसाठी एक वर्ग. पैसे दोघांच्या नावच्या ठेवीतून जायचे होते, म्हणून खाली सहीच्या दोन जागा. एकीत नानासाहेबांची ओळखीची, तळाला रेघ मारलेली सही. दुसरी रिकामी आणि तिच्याखाली छापलेलं: सौ. आशाबाई नानासाहेब औताडे.

आणि मधोमध, ठळक अक्षरात, निधीचं नाव: ‘श्रीमती द्वारकाबाई गोकुळ दांडगे व्याख्यानमाला’.

आशाबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. सासूबाईंचं नाव गंगूबाई. आजेसासू काशीबाई. नणंदा दोन, त्यांत द्वारका नाही. माहेरी तर औषधालाही नाही. दांडगे आडनावाचं सोयरपण औताड्यांत कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मग ही बाई आली कुठून?

फाईल होती तशी पेपरात सारून त्या स्वयंपाकघरात आल्या. कागदाच्या कोपऱ्यावर, त्या नावाच्या अगदी शेजारी, चिंचेचा तपकिरी अंगठा उमटलाय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. निरांजन तसंच राहिलं.

नानासाहेब त्या वेळी घरी नव्हते. बुधवार होता ना. बुधवारी ते मुकुंदवाडीला मेथी आणायला जात.

आता हे मेथीचं प्रकरणही नीट बघायला पाहिजे, असं आशाबाईंच्या मनात आलं. सिडकोत, एन-आठ सेक्टरच्या कोपऱ्यावर, घरापासून शंभर पावलांवर भाजीवाला बसतो. तरी हा सत्तरीचा माणूस उन्हातान्हात रिक्षा बदलून मुकुंदवाडीच्या स्टेशनाजवळ जातो आणि पिशवीत मेथीच्या दोन जुड्या घेऊन येतो. आज किती वर्षं. कधी विचारलं तर म्हणणार, “तिथली कवळी असते.” आणि खरंच कवळी असायची, म्हणून आशाबाईंनी पुढं कधी विचारलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांना प्रत्येक जुडी आठवली.

नानासाहेब औताडे म्हणजे गल्लीत दरारा असलेला माणूस. फुलंब्रीकडच्या एका खेड्यातून, शेती भावांच्या हवाली करून बाविसाव्या वर्षी बँकेत चिकटले, तिथंच पांढरे झाले आणि त्यांच्यावर एक पैशाचा डाग नाही. खिशात दोन पेनं. एक उसनं द्यायचं, एक सहीचं. सहीचं पेन त्यांनी बायकोच्या हातातही कधी दिलं नाही. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच. कुणी कितीही जवळचा असो, कागदावर ‘मी यांना ओळखतो’ अशी सही ते कुणालाच देत नसत. भाडेकरूच्या कागदावर नाही, पोराच्या दाखल्यावर नाही. गल्लीतली पोरं माघारी त्यांना ‘ओळख-नाही साहेब’ म्हणत.

आशाबाईंच्या भावालाही, काकासाहेबांनाही त्याचा प्रसाद मिळाला होता. गारखेड्याला प्लॉट घेतला, रजिस्ट्रीला ओळख देणारा पाहिजे म्हणून ते पेढे घेऊनच आले होते.

“मी ओळख देत नाही,” नानासाहेब म्हणाले.

“आवो दाजी, मेव्हणा हाय मी तुमचा. लग्नात कान पिळलाय तुमचा.”

“तुम्हाला ओळखतो. विकणाऱ्याला ओळखत नाही.”

“त्याला मी ओळखतो ना.”

“मग तुम्हीच द्या ओळख.”

काकासाहेबांनी पेढ्यांचा पुडा उचलून परत नेला होता. दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या. आशाबाईंनी तेव्हा याला बँकेतल्या खुर्चीचा माज म्हटलं होतं. पण आता त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता. लेक तनुजा शाळेत जायला लागली त्या सुमाराला दारापुढच्या ओट्यावर सकाळी माणसं बसलेली असायची. कुणाला खातं उघडायचंय, कुणाला दाखला. हे चहाचा घोट घेत सह्या करायचे आणि वर म्हणायचे, सहीनं काही झिजत नाही. मग एकाएकी ओटा ओस पडला. नक्की कधी? शहाण्णव का सत्त्याण्णव साल. तेव्हा काय झालं होतं?

नानासाहेब दारात आले. पिशवी ओट्यावर ठेवली.

“कवळी हाय का?” आशाबाईंनी विचारलं.

“बघ की.”

“कुणाकडून घेता हो?”

पायातली चप्पल काढता काढता ते क्षणभर थांबले. “बसतात बाया. ज्या असतील त्या.”

चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं पुरतं. आशाबाईंनी मेथी निवडायला घेतली आणि एकेक देठ असा मोडला की नानासाहेब आतल्या खोलीत जाऊन बसले.

गुरुवारी आरती झाली, पण चित्त कशाचं लागतंय. काळं निरांजन तसंच पेटवलं. दत्ताच्या फोटोपुढं हात जोडले की डोळ्यांपुढं ठळक अक्षरं उभी राहायची. दुपारी त्यांनी तनुजाला नाशिकला फोन लावला. नाव सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं.

“वकिलांना नीती शिकवायला?” तनुजा म्हणाली. “आई, मांजराला उपास शिकवण्यासारखं आहे हे. बाबांना कुणीतरी गंडवतंय. तू सही करू नकोस.”

“पैशाचं नाय गं मला.”

“मग कशाचं?”

“ठेव फोन. दूध उतू चाललंय.”

दूध फ्रिजमध्ये होतं. आशाबाईंना स्वतःचीच चीड आली. त्यांचं एकच म्हणणं होतं आणि ते पोटच्या पोरीलाही सांगता येत नव्हतं. ज्याच्या नावाचं कुंकू लावलं, त्याच्या मनात इतकी वर्षं एक द्वारकाबाई आहे आणि त्या कागदावर आपणच सही करून तिला घरात घ्यायची. सही करायची तर जाणून करायची. नाहीतर नाही. मग काय व्हायचं ते होवो.

शुक्रवारी नानासाहेब पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. नोव्हेंबर महिना, म्हाताऱ्यांची तिथं जत्राच. ते गेले आणि तासाभरात दाराशी एक स्कूटी थांबली. डोक्यावर ओढणी, खांद्याला जड पिशवी, तिशी-पस्तिशीची बाई.

“काकू, औताडे सर आहेत? मी कहकशा. लॉ कॉलेजला शिकवते. सरांचा फोन लागेना.”

आशाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाणी दिलं. चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलू लागल्या. समोर बसलं की माणूस सावध होतं.

“कशाला आला होता बाई?”

“सरांची देणगी. कमिटीपुढं ठेवायचीय. सगळं झालंय, एक रकाना रिकामा आहे.” कहकशा हसली. “खरं सांगू का काकू, मलाच थोडा शक येतो. लोक खोली बांधून देतात, पंखे देतात. पंख्याच्या पात्यावर नाव लिहून घेतात, फिरताना दिसत नाही तरी. आणि सर म्हणतात, माझं नाव कुठंच नको. असा देणगीवाला मी पहिल्यांदा बघितला.”

“आणि शिकवणार काय तुम्ही त्यात?”

“वकिलानं कसं वागायचं. पक्षकाराशी, कोर्टाशी. पेपर आत्ताही असतो, पण पोरं गाईड वाचून पास होतात. सर म्हणाले, मुलांना पुस्तकातून नका शिकवू, रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात घेऊन जा. कागदावर वकील ‘ओळखतो’ म्हणून लिहितो, तो त्या माणसाला खरंच ओळखतो का, हे बघू द्या. पहिला धडा तिथून.” तिनं चहाचा कप घेतला. “मला आवडलं. घरी अब्बांना सांगितलं तर म्हणाले, बेटा, नीती शिकवता येते, नियत नाय शिकवता येत.”

“तुमच्या अब्बांना कळतं बरंच.”

“शिंपी आहेत, गुलमंडीला दुकान आहे. मापात कळतं त्यांना सगळं.” कहकशानं पिशवीतून फॉर्म काढला. “हां, तो रकाना. ज्यांच्या नावानं द्यायचंय त्यांची माहिती लागते. कोण होत्या, सरांच्या कोण लागतात. सर म्हणतात नंतर देतो, नंतर देतो. द्वारकाबाई म्हणजे सरांच्या आई का?”

आशाबाईंच्या हातात साखरेचा डबा होता. झाकण लावायला त्यांना जरा वेळ लागला. परक्या बाईपुढं काय सांगायचं? की माझ्या नवऱ्यानं कुणाचं नाव घातलंय मला माहीत नाही? ही कॉलेजात जाऊन सांगणार, तिथून गावभर.

“नात्यातल्या हायेत,” त्या म्हणाल्या.

“अच्छा. तुम्ही ओळखता त्यांना?”

“ओळखते की.”

“मग तेवढंच लिहिते काकू. कमिटीचं काम होऊन जाईल.” कहकशानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, “‘देणगीदाराच्या नात्यातील. ओळख पत्नीने दिली.’ बरोबर?”

“बरोबर.”

एक प्रत ठेवून ती गेली. आशाबाई कप विसळायला उठल्या आणि तशाच नळापाशी उभ्या राहिल्या. सकाळीच पोथी वाचून उठलेलं तोंड आणि त्याच तोंडानं किती सहज निघालं. कुणी गळा धरला नव्हता. कुणी लोभ दाखवला नव्हता. नुसती चारचौघांत लाज राखायची होती.

नानासाहेब दीड वाजता आले, घामाघूम.

“जिवंत आहे हे पटवायला चार तास लागले,” पंख्याखाली बसत ते म्हणाले. “मशीनवर अंगठाच उमटेना. ती पोरगी म्हणते, काका, रेघा झिजल्यात. ज्या बँकेत अडतीस वर्षं काढली तिथं विचारतात, कुणी ओळखीचं आहे का सोबत.”

आशाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्मची प्रत समोर ठेवली. “तुमची मास्तरीण येऊन गेली.”

नानासाहेबांनी चष्मा लावला. शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला नाही. मग उठले, आत गेले आणि हिरवी फाईल घेऊन आले. तो कागद उलगडून त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हा अंगठा तुझाच ना?”

“चिंचेचा हाय. भांडी घासत होते.”

“बुधवारी रात्रीच बघितला मी. म्हटलं, विचारशील.”

“मी म्हटलं, सांगाल.”

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्स हॉर्न कितीतरी वेळ तेच गाणं वाजवत होता.

“तू तिला कधी पाहिलंयस, आशा?”

“नाय.”

“मग ओळखते असं का सांगितलंस?”

“तुमची अब्रू राखायला सांगितलं. आता तुम्ही सांगा. कोण हाय ही बाई? आणि मला सरळ सांगायचं. बँकेतल्या कस्टमरला सांगता तसं नाय.”

नानासाहेबांनी चष्मा काढून हातात धरला. “तू समजतेस तसं काही नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. तुझी माफी मागून सुटलो असतो.”

मग ते सांगत गेले. आशाबाई ऐकत होत्या, पण विश्वास ठेवायची घाई त्यांनी केली नाही. प्रत्येक वाक्य त्या वाटीतल्या डाळीसारखं निवडून घेत होत्या.

सत्त्याण्णव साल. शेंद्र्याकडच्या जमिनी कारखान्यांसाठी सरकार घेणार म्हणून बोलबाला झालेला. ज्याच्या नावावर सातबारा त्याला मोबदला. त्यामुळं बहिणींकडून हक्कसोड करून घ्यायची धांदल चालली होती. बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद करून द्यायचा, भावानं साडीचोळी करायची. रीतच पडलेली. नानासाहेबांचा एक मित्र होता, पाथ्रीकर वकील. रोज बँकेत यायचा, चहाला बसायचा. एक दिवस म्हणाला, साहेब, रजिस्ट्रीत दोन मिनिटं या, ओळख द्यायचीय, माझा माणूस ऐनवेळी आला नाही.

“तिथं सांडू म्हणून एक शेतकरी होता. आणि बाकावर एक बाई. डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत. पाथ्रीकर म्हणाला, ही सांडूची बहीण द्वारका. तेव्हा फोटो नव्हता, काही नव्हतं. अंगठा आणि दोघांची ओळख, झालं. बँकेतल्या साहेबाची सही म्हटल्यावर रजिस्ट्रारनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी सही केली. परतून चहा घेतला.”

“आणि ती बाई द्वारका नव्हतीच,” आशाबाई म्हणाल्या.

“सांडूची बायको होती.”

आशाबाईंनी पदर सावरला.

“तीन-चार महिन्यांनी एक बाई माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. हातात त्या कागदाची नक्कल. कुणाकडून तरी वाचून घेतलेली. मला म्हणाली, साहेब, तुम्ही मला वळखता का? मी मान वर केली. म्हटलं, नाही बाई. ती म्हणाली, मग या कागदावर कसं वळखलं?”

नानासाहेबांनी हातातल्या चष्म्याची काडी मिटली आणि परत उघडली.

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, बाहेर बसा. आणि पाथ्रीकरला फोन लावला.”

“बाहेर बसा,” आशाबाईंनी नुसतं परत म्हटलं.

“तो आला. मला म्हणाला, साहेब, एक शब्द बोलू नका, तुमची नोकरी जाईल, माझी सनद. मी बघतो तिचं. तिला बाहेर नेलं. काय सांगितलं कोण जाणे. भाऊ आहे, माहेर तुटेल, कोर्टात उभं आयुष्य जाईल. भावाकडून साडी नेसवली. तिनं पुढं काही केलं नाही. करायला वकील कोण देणार होता? जिथं जाईल तिथं दाखवणार, बाई, तुझा अंगठा आहे, बँकेच्या साहेबानं तुला ओळखलंय.” त्यांनी फाईलवर हात ठेवला. “पाथ्रीकर वारला. मोठा माणूस म्हणून वारला. शोकसभेत त्याच्या सचोटीवर तीन भाषणं झाली. मीही गेलो होतो.”

आशाबाईंना आठवलं. ते त्या दिवशी न जेवता झोपले होते. आणि ओस पडलेला ओटाही आठवला, काकासाहेबांचे परत गेलेले पेढे आठवले. सगळं जागच्या जागी बसत होतं, आणि तेच त्यांना खुपत होतं. इतकं नीट जुळलेलं आशाबाई भाजीवाल्याच्या हिशोबातसुद्धा लगेच मान्य करत नसत.

“आणि मेथी?” त्या म्हणाल्या.

नानासाहेबांनी वर पाहिलं. “ती मुकुंदवाडीला बसते. स्टेशनाच्या बाहेर, डाव्या हाताला. नवरा वारल्यावर इकडं आली. मला दहा वर्षांपूर्वी दिसली.”

“तुम्हाला वळखलं तिनं?”

“माहीत नाही. कधी एक काडी जास्ती दिली नाही, कधी कमी दिली नाही. भाव सांगते, पिशवीत टाकते. मीही बोलत नाही.”

“म्हणजे दहा वर्षं मी तिच्या हातची मेथी खातेय आणि मला ठाऊक नाय.”

“आशा.”

“थांबा. मला एक सांगा. देणगी तिला का नाय दिली? कॉलेजला कशाला?”

हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक असावं. “तिला द्यायची तर कशाबद्दल ते सांगावं लागेल. तिच्यापुढं उभं राहून. कॉलेजला दिली की कुणी विचारत नाही. उलट शाल देतात.” त्यांनी कागदाची कड सरळ केली. “आणि दुसरंही खरं आहे. पाथ्रीकर काही जन्मतः तसा नव्हता. त्याला कुणी त्या आवारात उभं करून दाखवलंच नाही, की या दोन शब्दांनी कुणाचं काय जातं. मलाही नाही दाखवलं. पुढच्या पोरांना कुणीतरी दाखवावं. तिच्या नावानं दाखवावं. म्हणून नाव घातलं.”

ते बोलायचे थांबल्यावर आशाबाई उठल्या. ओट्याजवळ गेल्या. निरांजन अजून काळंच होतं; वाटीतला चिंचेचा कोळ वाळून कडेला चिकटला होता. त्यांनी निरांजन हातात घेतलं, परत ठेवलं आणि तिथूनच बोलल्या.

“तिला विचारलं का?”

“काय?”

“तिचं नाव घालायचं का, ते. पाटीवर. फॉर्मवर.”

नानासाहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तेव्हा तिच्या नावाचा अंगठा तिला न विचारता लावला. आता तिच्या नावाची पाटी तिला न विचारता लावताय. तेव्हा तुम्ही ओळख दिली, आज मी दिली. दोघं नवरा-बायको, एकाला झाकावं न् एकाला काढावं.” आशाबाईंनी पदराला हात पुसले. “उद्या त्या कॉलेजात टाळ्या वाजतील, द्वारकाबाई द्वारकाबाई करतील, आणि ती बाई स्टेशनाबाहेर पाणी मारत बसलेली असंल मेथीवर. तिला कोण सांगणार?”

“मला वाटलं, मान होईल तिचा.”

“व्हय. तिला सोडून सगळ्यांना कळंल, मान झाला म्हणून.”

नानासाहेब फॉर्मकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातलं सहीचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ‘ओळख पत्नीने दिली’ या ओळीवर आडवी रेघ मारायला हात नेला.

“नका,” आशाबाई म्हणाल्या. “ते माझं हाय. कहकशाबाईला फोन करून मीच सांगते की खोटं बोलले. ती हसंल. हसू दे.” त्यांनी हिरव्या फायलीकडं बोट केलं. “आणि तुमच्या त्या दुसऱ्या कागदावर माझी सही पाहिजे ना? ती बाई हो म्हणाली तर करीन. नको म्हणाली तर नाव काढायचं. आणि तिला त्या पैशातलं काही पाहिजे असंल, तर आधी ते. कॉलेज काय, पुढच्या साली बी असंल तिथंच.”

“तिनं दारातूनच हाकललं तर?”

“बाजारात बसलेल्या बाईला दार कुठलं.”

नानासाहेबांच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, पण आलं नाही. आशाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. हा माणूस खरं बोलला असावा, असं त्यांना वाटत होतं. असावाच. पण ‘असावा’ आणि ‘आहे’ यात केवढं अंतर असतं ते आज त्यांना एका फॉर्मवर दिसलं होतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती द्वारका आहे असं त्या मानणार नव्हत्या.

“मला काय म्हणायचं तिला?” नानासाहेबांनी विचारलं. आवाज इतका हळू की पंख्यात बुडाला असता.

“तिनं तेव्हा विचारलं होतं, त्याचं उत्तर. तुम्ही सांगायचं, बाई, मी वळखत नव्हतो. एवढंच. पुढचं ती बोलंल.”

दिवेलागणीला आशाबाईंनी चिंच पुन्हा भिजत घातली आणि निरांजन घासून काढलं. देवापुढं लावलं तेव्हा पितळेत ज्योती दोन दिसल्या. त्यांनी हात जोडले, पण काही मागितलं नाही. मग कहकशाला फोन केला आणि दोन वाक्यांत आपलं खोटं सांगून टाकलं. ती हसली नाही. नुसतं म्हणाली, “काकू, हे पहिल्या वर्गात सांगितलं तर चालेल का? नाव न घेता.” आशाबाई म्हणाल्या, नाव घेतलं तरी चालंल, पण आधी मला विचारा.

दाराजवळच्या खुंटीवर त्यांनी दोन कापडी पिशव्या अडकवल्या. शनिवार असला तरी सकाळी साडेसातला दोघांनी मुकुंदवाडीला जायचं होतं, स्टेशनाबाहेर डाव्या हाताला, मेथी आणायला.